परसबागेसाठी निंबोळी तेल कुठलं घ्यावं?

सेंद्रिय भाजीपाला करणाऱ्या बहुतेक घरांत निंबोळी तेलाची बाटली असतेच, आणि सगळ्यांत जास्त तक्रारीही तिच्याबद्दलच ऐकू येतात. फवारलं तरी मावा तसाच आहे, पानं करपली, थंडीत तेल गोठलं म्हणजे माल भेसळीचा असणार. यातल्या बऱ्याचशा तक्रारी दोन कारणांनी होतात: कामाला न जुळणारा प्रकार घेतला जातो किंवा तेल पाण्यात नीट मिसळलं जात नाही. 'निंबोळी तेल' या नावाने बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. तिन्हींना एकच शेरा देऊन चालत नाही.

पहिली वस्तू म्हणजे थंड दाबाने काढलेलं कच्चं तेल. रंग तपकिरी-पिवळसर, कधी हिरवट, वास लसूण आणि गंधक एकत्र केल्यासारखा उग्र. निंबोळीच्या बीच्या गरातलं मुख्य कीडरोधक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, यात नैसर्गिक प्रमाणात असतं. ते प्रमाण बियांवर आणि त्या कशा वाळवल्या-साठवल्या यावर ठरतं, त्यामुळे काहीशे पीपीएमपासून (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) दोन हजारांच्या पुढेही जाऊ शकतं. गारठ्यात हे तेल तुपासारखं घट्ट होतं आणि ते स्वाभाविकच आहे. बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवली की पातळ होतं. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात मात्र ठेवू नये, कारण उष्णतेने अझाडिरॅक्टिन नष्ट होतं आणि हातात नुसतं तेल उरतं.

दुसरी वस्तू पाण्यात थेट मिसळणारं तयार औषध. यावर 300, 1500 किंवा 10000 पीपीएम असं छापलेलं असतं. इथे खरेदीआधी साधा हिशोब करावा. 10000 पीपीएमचं औषध लिटरला 2 मिली घेतलं, तर फवाऱ्यात 20 पीपीएम अझाडिरॅक्टिन येतं. 1500 चं 5 मिली घेतलं तर साडेसात. 300 चं तेवढंच घेतलं तर जेमतेम दीड. म्हणजे 300 ची मोठी बाटली स्वस्त दिसली तरी अळीसाठी ती फारच कमजोर पडते. या प्रकारात इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) आणि काही वेळा द्रावकही असतो. बाग काटेकोर सेंद्रिय ठेवायची असेल, तर बाटलीवर सेंद्रिय प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावं.

तिसरी वस्तू सर्वांत फसवी. फिकट पिवळं, जवळजवळ बिनवासाचं 'क्लॅरिफाइड हायड्रोफोबिक' तेल. यातून अझाडिरॅक्टिन जवळजवळ सगळं काढून घेतलेलं असतं. मावा, लाल कोळी, पांढरी माशी अशा मऊ अंगाच्या किडी तेलाच्या थराने गुदमरतात आणि भुरीलाही (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीलाही) आळा बसतो, तेवढ्यासाठी ते चांगलं आहे. कोबीवरच्या अळीसाठी ते घेतलं तर पदरी काहीच पडत नाही.

भाजी आणि फळझाडं दोन्ही असलेल्या घरगुती बागेसाठी आमची पसंती कच्च्या तेलाला आहे. अझाडिरॅक्टिन आणि तेलाचा थर अशी दोन्ही कामं त्यात होतात. अळ्यांचा त्रास जास्त असेल तर जोडीला 10000 पीपीएमची लहान बाटली ठेवावी.

1959 मध्ये सुदानात टोळधाड आली, तेव्हा आजूबाजूची सगळी हिरवळ फस्त झाली आणि कडुनिंबाची झाडं तेवढी शाबूत राहिली. हाइनरिश श्मुटरर या कीटकशास्त्रज्ञाने ते टिपलं. पुढे 1968 मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळं काढण्यात आलं. टोळांनी खाणं का सोडलं, यातच या द्रव्याची कामाची पद्धत कळते. किडीची भूक मरते आणि कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं. अळी पुढच्या अवस्थेत जाऊच शकत नाही. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी शोधत बसू नये. पाच ते सात दिवसांनी नवी पानं किती कुरतडली आहेत आणि नवी पिल्लं दिसतात का, हे पाहावं.

आता मिसळण्याबद्दल, कारण कच्च्या तेलाचं यश-अपयश इथेच ठरतं. एक लिटर फवाऱ्यासाठी 5 मिली तेल आणि 1 ते 2 मिली पोटॅशियमचा द्रव साबण घ्यावा. भांडी घासायचं द्रव वापरू नये, त्याने पानावरचं मेणाचं आवरण निघून जातं. आधी तेल आणि साबण एका झाकणाच्या बाटलीत एकजीव करावेत. मग त्यात पाव लिटर कोमट पाणी थोडं थोडं घालत जोरात हलवावं, मिश्रण दुधासारखं पांढरट होईपर्यंत. उरलेलं पाणी त्यानंतरच घालावं. आधी टाकीभर पाणी घेऊन वरून तेल ओतलं, तर कितीही ढवळा, तेल तरंगतच राहतं. पंपाची नळी खालून ओढते, त्यामुळे सुरुवातीला पानांवर नुसतं पाणी पडतं आणि शेवटी उरलेलं तेल एकाच झाडावर. ते झाड करपतं आणि बोल लागतो बाटलीला.

मिश्रण जमलं का हे पाहायला ते काचेच्या पेल्यात दहा मिनिटं ठेवावं. वर सोनेरी थेंब किंवा कडेला तेलाचं वलय दिसलं तर पुन्हा घुसळावं. तरीही फाटत असेल तर दोष बहुधा पाण्यात. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची साय बनते आणि तेल सुटं होतं. पावसाचं किंवा गाळलेलं मऊ पाणी वापरलं की हा प्रश्न उरत नाही. पाणी अल्कधर्मी असेल तर त्यात व्हिनेगर घाला असा सल्ला सर्रास दिला जातो, कारण अझाडिरॅक्टिन किंचित आम्ल पाण्यात जास्त टिकतं. पण खऱ्या साबणात आम्ल पडलं की साबणच फुटतो. पाण्याचा सामू (पीएच) 6 च्या आसपास आणायचाच असेल, तर साबणाऐवजी आम्लात न फुटणारा, विकतचा नॉन-आयोनिक इमल्सिफायर घ्यावा. तयार औषधात साबण वेगळा घालायची गरज नाही.

तयार फवारा त्याच दिवशी संपवावा आणि फवारताना पंप मधूनमधून हलवत राहावं. वेळ सूर्यास्ताच्या आसपासची. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होतं, तेल लागलेली पानं तापून भाजतात, आणि संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. हवा 30 अंशांच्या वर असेल किंवा झाड तहानलेलं असेल तर फवारू नये. आदल्या दिवशी पाणी द्यावं. काकडीवर्गीय वेलांची कोवळी पानं आणि नुकती लावलेली रोपं नाजूक असतात, त्यांच्या दोन-तीन पानांवर आधी फवारून दोन दिवस थांबावं. बागेत गंधक वापरलं असेल, तर त्यात आणि तेलात किमान 2 आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं हमखास जळतात.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतात. वरून फवारणं म्हणजे श्रम वाया. नोझल वर वळवून खालून फवारावं आणि 7 दिवसांच्या अंतराने तीनदा करावं, कारण एका फवारणीत अंडी सुटतात. जोर पिल्लं आणि लहान अळ्यांवर असावा. मोठी झालेली अळी आणि पूर्ण वाढलेले भुंगेरे याला फारसे दाद देत नाहीत, ते हाताने वेचलेले बरे.

फळझाडांवर निकाल संमिश्र आहे. लिंबाची नागअळी पानाच्या आत बोगदा करते. तिथे फवारा पोचत नाही, म्हणून नवी पालवी बोटाच्या पेराएवढी असतानाच फवारणी सुरू करावी लागते. पेरू आणि आंब्यावरच्या पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट पूड असते, तिच्यावरून फवारा ओघळून जातो. पाण्याच्या जोरदार धारेने किंवा जुन्या दातब्रशने ती आधी काढावी, मग फवारावं. खोडावरून मुंग्यांची रांग चालू असेल तर त्यांना चिकट पट्टीने अडवावं, कारण मधाळ स्रावासाठी त्या या किडीची राखण करतात. फळमाशीच्या फळातल्या अळ्या, खोडकिडा, विषाणूचा पर्णगुच्छ, मर रोग यांवर निंबोळी तेलाचा उपयोग नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

ढालकिडा आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) यांच्या अळ्या मावा खातात. फवारा थेट अंगावर पडला तर त्यांनाही इजा होते. त्या दिसत असतील आणि मावा थोडाच असेल, तर आठवडाभर फवारणी टाळावी. खुललेल्या फुलांवर फवारूच नये. पालेभाजीला वास आणि कडसर चव राहते, म्हणून काढणीच्या आधी आठवडाभर थांबून भाजी नीट धुवावी. छापील पट्टीवर जास्त दिवस सांगितले असतील तर ते पाळावेत.

खरेदी करताना गडद बाटली, उत्पादनाची तारीख आणि अझाडिरॅक्टिनचं पीपीएम या तीन गोष्टी पाहाव्यात. 'शंभर टक्के शुद्ध' एवढंच लिहिलेलं, पीपीएमचा पत्ता नसलेलं तेल पारदर्शक बाटलीत दुकानाच्या उजेडात उभं असेल, तर ते सोडून द्यावं. लहान बागेला मोठा डबा परवडत नाही, कारण उघडलेलं तेल वर्षभरात कमजोर होत जातं.

तेलासोबत मिळणारी निंबोळी पेंड मात्र बिनदिक्कत घ्यावी. त्यात साधारण 4 ते 5 टक्के नत्र असतं, ते हळूहळू सुटतं, आणि मुळांवरच्या सूत्रकृमींनाही थोडा आळा बसतो. 15 ते 20 लिटरच्या कुंडीला 100 ग्रॅम, मोठ्या फळझाडाला वर्षाला 1 ते 2 किलो, दोन हप्त्यांत, खोडापासून हातभर लांब मातीत मिसळून. वर तशीच पसरली तर ओलाव्याने बुरशी धरते, आणि रोपाच्या बुंध्याशी ढीग केला तर कुजताना गरम होऊन मुळं भाजते.

बाटली झाकण घट्ट लावून, अंधाऱ्या गार जागी आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी. हे तेल पोटात गेलं तर लहान मुलांना गंभीर अपाय होऊ शकतो. उरलेला फवारा तळ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ ओतू नये, आणि पंप लगेच कोमट साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल तुंबलेलं असतं.