गारपिटीनंतर दारात आलेला पत्र्यांचा ठेकेदार : आमची फसवणूक कशी झाली

लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील आमच्या गावी मार्च महिन्यात गारपीट झाली आणि त्यानंतर घरावर नवे पत्रे टाकून देण्याच्या नावाखाली आमच्या कुटुंबाची सुमारे 95,000 रुपयांची फसवणूक झाली. ही पद्धत एकट्या आमच्यासाठी रचलेली नव्हती. त्याच सुमारास आसपासच्या गावांतही तीच माणसे, तोच नमुन्याचा तुकडा आणि तीच छापील कागदपत्रे घेऊन फिरत होती, हे नंतर कळले. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राने जी गारपीट सोसली, तिच्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर आभाळ भरून आले की आमच्याकडे लोकांच्या पोटात गोळा येतो. या भीतीवरच पोट भरणारी ही माणसे पुन्हा कुठल्या ना कुठल्या तालुक्यात येणार, म्हणून सर्व तपशील येथे देत आहे.

आमच्या भागात पत्र्याचे घर ही केवळ परिस्थितीमुळे केलेली निवड नाही. पूर्वी येथे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकूड व मातीचे माळवद अशी घरे असत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच घरांच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर डोक्यावर वजन नको म्हणून असंख्य कुटुंबे हलक्या पत्र्यांकडे वळली. आमच्या वडिलांनीही लोखंडी कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर, सिमेंटचे पन्हळी पत्रे टाकले आणि ते इतकी वर्षे व्यवस्थित टिकले. मात्र भूकंपात आधार देणारा हलका पत्रा गारपिटीत दुबळा ठरतो. सिमेंटचा पत्रा वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन ठिसूळ होतो आणि मोठी गार बसली की लोखंडाच्या पत्र्यासारखा त्याला नुसता पोचा पडत नाही, तर तो सरळ तडकतो किंवा त्याला आरपार भोक पडते. त्या दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा उन्हाने कडक झालेला होता, तो सर्वांत आधी फुटला. पश्चिमेकडच्या उतारावरचे बहुतेक सिमेंट पत्रे तडकले आणि खाली रचून ठेवलेल्या हरभऱ्याच्या पोत्यांवर पाणी गळू लागले. हवामान खात्याचा पुढच्या दोन दिवसांचाही इशारा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेकेदार आणि त्याचे दोन सहकारी दारात आले. त्यांच्याकडे रंगीत माहितीपत्रक होते, गळ्यात ओळखपत्रे होती आणि सोबत एका शासन निर्णयाची झेरॉक्स होती. बोलणे अत्यंत आदबशीर होते. ठेकेदाराने निळ्या रंगाच्या पत्र्याचा वीतभर तुकडा वडिलांच्या हातात दिला आणि खिशातून जाडी मोजायचे स्क्रू गेज काढून म्हणाला, "काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हीच मोजा." वडिलांनी तुकडा गेजमध्ये धरला आणि आकडा वाचला. तो बरोबर 0.50 मिलिमीटर होता. मग त्याने तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर हातोडीचा ठोका मारला आणि जेमतेम पोचा आलेला दाखवला. "हा गारपीटरोधक पत्रा आहे मावशी, वीस वर्षे वर बघायचे काम नाही," असे तो आईला म्हणाला. या फसवणुकीचे सारे कसब त्या मोजमापात होते. माणसाने स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्यावर त्याला शंका येत नाही. तुकडा खरोखरच 0.50 चा होता. घरावर चढलेला माल वेगळा होता.

दुसरी गोष्ट सरकारी मदतीची. शासनाशी आमचा करार आहे, एकूण खर्चाच्या साठ टक्के रक्कम नुकसानभरपाई म्हणून तुमच्या खात्यावर येईल, मात्र त्यासाठी काम आठ दिवसांच्या आत पूर्ण झालेले दाखवावे लागते, असे त्याने सांगितले. त्यासाठी आधार कार्ड आणि बँक पासबुकच्या प्रती घेतल्या आणि काही कोऱ्या अर्जांवर वडिलांच्या सह्याही घेतल्या. हे संपूर्ण खोटे होते. गारपीट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या मदतीस पात्र आपत्ती आहे, हे खरे. परंतु 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मिळण्याची तरतूद होती. ही मदत ठेकेदाराच्या बिलावर ठरत नाही, ती तलाठी आणि ग्रामसेवक यांनी प्रत्यक्ष येऊन केलेल्या पंचनाम्यावर ठरते. तिच्यासाठी मध्यस्थ लागत नाही आणि पैसे थेट खातेदाराच्या खात्यावर जमा होतात. आधी काम पूर्ण करा, अशी अट तर उलटीच आहे. पंचनाम्यासाठी नुकसान डोळ्यांना दिसावे लागते. आमच्याकडे पंचनामा होण्यापूर्वीच या लोकांनी फुटलेले सर्व पत्रे उतरवून, "हे भंगार आम्ही विल्हेवाट लावतो," असे सांगून टेम्पोत भरून नेले. तलाठी आले तेव्हा घरावर नवे निळे छप्पर होते आणि अंगणात सिमेंटचा एक तुकडाही शिल्लक नव्हता. आमचे नाव यादीत आले नाही.

पत्रे उतरवण्याची रीतही धोक्याची होती. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस या घातक खनिजाचे तंतू असतात आणि पत्रा फोडला किंवा कोरडा कापला की ती धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. ते पत्रे पाण्याने ओले करून, शक्यतो अखंड उतरवायचे असतात. येथे मात्र मुले अंगणात उभी असताना वरून पत्रे खाली टाकले गेले. पैशांच्या नुकसानीपेक्षा याचा मला अधिक राग आहे.

काम अतिशय वेगाने झाले आणि शेवटचे पत्रे तर बॅटरीच्या उजेडात बसवले गेले. त्यामुळे वर काय चढते आहे हे खालून कोणालाही नीट पाहता आले नाही. पत्र्यांच्या आतल्या बाजूला शाईने 0.50 असे छापलेलेही होते. ठरलेल्या रकमेपैकी मोठा भाग माल उतरण्याआधी आणि उरलेला काम संपताच रोख घेतला गेला. हातात एक बिल मिळाले, ज्यावर पंधरा अंकी जीएसटी क्रमांक होता.

पहिल्या वळवाच्या पावसात स्क्रूंच्या रांगेखाली पाणी टिपकू लागले. ठेकेदाराचा फोन बंद होता. लातूरच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी छपराचे काम करणाऱ्या कारागिराला, बोलावले. त्याने वर फळी टाकून एकच पाऊल ठेवले आणि खाली उतरून आला. पाय ठेवताच पत्रा पन्हळीपन्हळीत दबत होता. त्याने एका टोकाचा पत्रा सोडवून खाली आणला आणि आम्ही तो गावातील आडत दुकानाच्या काट्यावर ठेवला. बारा फुटी पत्रा दहा किलोही भरला नाही. गेज लावल्यावर रंगासकट जाडी 0.32 मिलिमीटर निघाली.

वजनाची ही गोष्ट प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावी, कारण गेज एका तुकड्यावर फसवू शकतो, पण काटा संपूर्ण पत्रा मोजतो. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन 7.85 किलो असते. रंगीत पन्हळी पत्रा साधारणपणे 1220 मिलिमीटर रुंद सपाट पट्टीतून वळवलेला असतो; म्हणजे 0.50 जाडीचा बारा फुटी पत्रा निव्वळ पोलादाचा असता तर साडेसतरा किलोच्या आसपास भरला असता. बाजारात सांगितल्या जाणाऱ्या 0.50 मध्ये बहुधा वरचा धातूचा लेप आणि रंगही धरलेला असतो आणि ते पोलादापेक्षा हलके असतात, त्यामुळे प्रामाणिक पत्रा सोळा किलोच्या जवळपास भरतो. दुकानदार जाडी रंगासह सांगतो आहे की रंगाशिवाय, हे स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. मात्र दहा किलोचा पत्रा कोणत्याही हिशोबाने 0.50 चा ठरत नाही. टेम्पोतून माल उतरताना गठ्ठ्याच्या मधला एक पत्रा काढून काट्यावर ठेवायला काही मिनिटे लागतात, आणि विक्रेता या मागणीला टाळाटाळ करू लागला तर माल उतरवूनच घेऊ नये.

फॅब्रिकेटरने स्क्रूही काढून दाखवला. चांगल्या स्क्रूखाली रबरासारखी लवचीक ईपीडीएमची चकती असते, जी दाबली की भोकाभोवती घट्ट बसते. आमच्या स्क्रूखाली काळ्या प्लास्टिकची चकती होती. एका उन्हाळ्यातच ती तडकली होती आणि स्क्रूच्या डोक्याला गंज चढला होता. शिवाय पातळ पत्र्यासाठी खालचे आडवे पाइप जवळजवळ हवेत. येथे जुन्या सिमेंट पत्र्यांसाठी असलेलेच अंतर कायम ठेवले होते. असा पत्रा पुढच्या गारपिटीत फुटणार नाही, पण त्याला जागोजागी पोचे पडतील. त्या खळग्यांत पाणी साचेल, रंग आणि लेप तडकेल आणि तेथूनच गंज धरेल. वादळात तर स्क्रूभोवती पत्रा फाटून उडण्याचीच भीती अधिक आहे.

"गारपीटरोधक" या नावाचा कोणताही सरकारी दर्जा पत्र्यांना दिला जात नाही. जस्तलेपित पत्र्यासाठी आयएस 277, रंगीत जस्तलेपित पत्र्यासाठी आयएस 14246 आणि ॲल्युमिनियम-जस्त लेपाच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस 15965 ही भारतीय मानके आहेत. मानकानुसार बनलेल्या मालावर आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून परवाना खरा आहे का, कोणाच्या नावावर आहे, हे पाहता येते. आमच्या पत्र्यांवर 0.50 हा आकडा छापलेला होता, परवाना क्रमांक कोठेही नव्हता. बिलावरील जीएसटी क्रमांकही जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधला. तो क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातील एका कापड व्यापाऱ्याचा होता आणि त्याची नोंदणी पूर्वीच रद्द झालेली होती. हा शोध कोणालाही मोबाइलवर, विनामूल्य घेता येतो, आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी घेतलेला बरा.

गारपिटीनंतरची घाई हेच या लोकांचे भांडवल आहे, म्हणून ती घाई कमी करण्याचा उपाय सांगतो. आधी फुटलेल्या प्रत्येक पत्र्याची, आतून आणि बाहेरून, छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्याला व ग्रामपंचायतीला नुकसानीची लेखी माहिती देऊन पोच घ्यावी. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. कैच्यांवर आडवी फळी टाकूनच वर जावे, कारण तडकलेल्या पत्र्यातून माणूस सरळ खाली येतो. बारीक तडे असतील तर पत्रा कोरडा झाल्यावर त्यावर डांबरी पट्टी दाबून बसवता येते. मोठी भोके असतील तर जाड ताडपत्री आढ्यावरून दोन्ही उतारांवर सोडून वळचणीखाली दोरीने आवळून बांधावी. एवढ्या तजविजीवर घर काही आठवडे कोरडे राहते. त्या काळात पंचनामा होतो, आणि ज्याचे दुकान व घर आपल्याला ठाऊक आहे अशा तालुक्याच्या ठिकाणच्या दोन-तीन फॅब्रिकेटरांकडून दर घेता येतात. ठेकेदाराने आम्हाला ताडपत्रीचा खर्च वाया जाईल असे पटवून सांगितले होते. त्याला आमच्या हातात हे आठवडे नकोच होते.

आता तक्रारींविषयी. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद केली, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. अडचण एवढीच की ज्याच्याविरुद्ध नोटीस काढायची त्याचा पत्ता खोटा निघाला आहे. त्यामुळे ज्या मोबाइल क्रमांकावरून तो बोलत होता आणि ज्या टेम्पोतून माल आला त्याचा क्रमांक, जो शेजाऱ्यांच्या एका छायाचित्रात योगायोगाने आला, यांवर तपास अवलंबून आहे. कोऱ्या कागदांवरील सह्यांबाबत बँकेला आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतली आहे, जेणेकरून वडिलांच्या नावे कर्ज किंवा अर्ज पुढे आला तर तो थांबवता येईल. ज्यांनी अशा माणसांना पासबुकच्या प्रती दिल्या असतील त्यांनी हे पत्र आजच द्यावे.

फॅब्रिकेटरच्या सल्ल्याने पश्चिमेकडच्या उतारावर, जिथे गारांचा मारा जास्त बसतो, तेथील पाइपांचे अंतर कमी करून वजन करून घेतलेले पत्रे बसवले आहेत. उरलेल्या उतारावर तूर्त फक्त स्क्रू आणि चकत्या बदलल्या आहेत. उतरवलेला एक पत्रा, दोन पंचांसमोर केलेल्या वजनाची पावती आणि आतल्या बाजूच्या 0.50 या छपाईचे छायाचित्र आयोगासमोर पुरावा म्हणून ठेवले आहे.