लाल दोऱ्याच्या चुंगड्या (पोती): माशांच्या खाद्यात माझे ५२,००० रुपये गेले

भंडारा-गोंदियाकडे बोडीत (छोट्या तळ्यात), शेततळ्यात रोहू-कतला सोडणाऱ्यांनी हे वाचाच. ऐन पावसाळ्यात कोणी तरंगतं खाद्य स्वस्तात देत असेल तर आधी वाचा, मग पैसे द्या.

२५ किलोच्या ४० चुंगड्या, १,२४० रुपयांनी, म्हणजे ४९,६०० रुपये. टेम्पोभाडं २,४०० वेगळं. दुकानात तीच चुंगडी १,३९० ला होती. हाव सुटली म्हणणारे खुशाल म्हणोत. ज्यानं धानाच्या हंगामात अख्ख्या गावाला खतं-औषधं उधारीवर दिली, त्या विक्रेत्यावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही.

पण तो दोरा! कंपनीची चुंगडी मशीनवर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली येते. ह्यांची तोंडं जाड लाल दोऱ्यानं शिवली होती आणि शेजारी जुन्या शिवणीच्या भोकांची रांग उघडी दिसत होती. मी त्यावर बोट फिरवलं. विचारलंसुद्धा. विक्रेता म्हणाला, "भाऊ, पावसानं बारदाना खराब झाला, म्हणून परत शिवला. माल तोच आहे." तारखेचा शिक्का पुसलेला. वरून पाऊस, टेम्पोवाला घाईत, घरचं खाद्य संपलेलं. माल उतरून घेतला. आजही ती रांग आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते.

आत दाण्यांचे गठ्ठे, तळाशी चुरा, कुबट वास. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे उन्हात वाळवा. तुम्हाला कोणी असं सांगितलं तर ऐकू नका. वाळवल्यानं बुरशी दिसेनाशी होते, तिनं सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यातच राहतं, शिजवूनही जात नाही. ते माशाच्या यकृतावर घाव घालतं. शेंगदाण्याची, सरकीची ढेप आणि मका दमट राहिला की हीच बुरशी धरते, त्यामुळे घरी खाद्य बनवणाऱ्यांनीही ढेप फोडून, हुंगून घ्यावी.

आधी मासे दाण्यावर येईनात, मग वाढ थांबली, मग रोज मेलेले तरंगू लागले. कल्ले फिकट, पोट फाडलं तर यकृत पिवळं.

आता कार्यालयांचं ऐका. एक म्हणतं, माशांचा रोग आमचा, खाद्य आमचं नाही. दुसरं म्हणतं, गायी-म्हशींचं खाद्य असतं तर पाहिलं असतं. नमुना द्यायला गेलो तर पक्कं बिल मागितलं. विक्रेत्यानं तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता! पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद. मासे मरत होते आणि हे साहेब लोक मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत होते. एकही जण बोडीवर आला नाही. मग हे विभाग कोणासाठी आहेत?

पक्क्या बिलाशिवाय एक दाणाही घेऊ नका. पैसे ऑनलाइन द्या, ती नोंद माझ्या कामी आली. माल उतरवतानाच शिवण आणि शिक्क्याचे फोटो काढा. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. धंद्याचा माल आहे, तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी म्हणालं तर दबू नका: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसतो. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत २ वर्षं.

दोन चुंगड्या मी न उघडता ठेवल्या आहेत, तक्रार टाकतो आहे. तुमच्याकडे लाल दोऱ्याचा असा माल आला असेल तर फेकू नका, चुंगडीसकट जपून ठेवा आणि माझ्यासोबत तक्रारीत नाव घाला.