पर्थ: सकाळी किंग्ज पार्क, दुपारी झू

जळगावला केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून काचेच्या बाटलीत रोपं वाढवण्यात, माझी अठरा वर्षं गेली. त्यामुळे लेकीकडे ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्यावर किंग्ज पार्क ही वनस्पतींची बाग बघायचीच होती. बाग फुकट, सकाळी दहाची स्वयंसेवकांबरोबरची फेरीही फुकट. पाचपैकी पाच.

आमच्या गाइड आजी एका झुडपापाशी चक्क गुडघे टेकून बसल्या. कॉरिगिन ग्रेव्हिलिया. जमिनीला लगटून पसरलेलं, पांढुरक्या फुलांचे गेंद. नाक खाली नेलं की मधाचा वास. गव्हाच्या शेतीत रान गेलं आणि हे रस्त्याकडेच्या पट्ट्यांत तेवढं उरलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रानात पन्नासही झाडं नव्हती. इथल्या शास्त्रज्ञांनी दहा झाडं निवडून टिश्यू कल्चरनं रोपं केली आणि परत रानात लावली.

मी लगेच विचारलं, रोपांत सरमिसळ झाली नाही का? झाली होती! पुढे तपासल्यावर दहाऐवजी आठच क्लोन (एकाच मूळ झाडाच्या हुबेहूब नकला) निघाले, आणि 85 टक्के बी त्यातल्या चौघांचंच. जी-नाईन या केळीच्या वाणाची लाखभर रोपं अगदी एकासारखी एक निघावीत म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, शेतकऱ्याला तेच हवं असतं. या झुडपाचा मात्र तोच एकसारखेपणा घात करतो: जवळच्या नात्यातच बी धरलं की पुढची पिढी कमकुवत होते. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दुपारी फेरीबोटीनं नदी ओलांडून झूमध्ये. आपलं शेकरू तसा त्यांचा राज्यप्राणी नंबॅट: तांबूस अंग, पाठीवर पांढरे पट्टे, डोळ्यावरून काळी रेघ. शिशुधान (कांगारूसारखा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्यांतला) प्राणी, पण पिशवीच नाही. पिल्लं आईच्या पोटाला लोंबकळतात. दिवसाला वीसेक हजार वाळवी खातो. कोल्ह्या-मांजरांनी त्याला संपवत आणलं. रानात आता थोडेच उरलेत. झूनं आजवर दोनशेहून जास्त नंबॅट वाढवून सोडलेत, तेही उत्तमच काम. पण नंबॅट निदान जोडीदार शोधत फिरू शकतो. झुडपाला जिथे लावाल तिथेच राहायचं, म्हणून शेजारी कोण लावायचं हे आपल्यालाच बघावं लागतं.

ऑक्टोबरात जा, आणि मुलं बरोबर असतील तर आधी बाग. नंबॅट बघून आल्यावर झुडपापाशी ती थांबत नाहीत.