शीघ्र हस्तक्षेपाच्या पथकप्रमुखांसाठी एएसक्यू-३ : संच चांगला, पण निम्मं काम शिकवणाऱ्याचं

वेगवेगळ्या भाषांतल्या, समाजांतल्या कार्यकर्त्यांमधून शीघ्र हस्तक्षेपाचे (विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत करण्याच्या कामाचे) पथकप्रमुख तयार करायचे असतील, तर ‘एजेस अँड स्टेजेस क्वेश्चनेअर्स’ या मुलांच्या विकासाची प्राथमिक चाळणी करणाऱ्या संचाची तिसरी आवृत्ती (एएसक्यू-३, २००९) सरावाला उत्तम आहे. १ ते ६६ महिन्यांच्या मुलांसाठी २१ प्रश्नावल्या, त्या भरायच्या पालकांनी. संवाद, स्थूल हालचाली, सूक्ष्म हालचाली, समस्या सोडवणं आणि वैयक्तिक-सामाजिक ही पाच क्षेत्रं, प्रत्येकात सहा प्रश्न. ‘हो’ला १०, ‘कधीकधी’ला ५, ‘अजून नाही’ला ०. भरायला १०-१५ मिनिटं पुरतात.

गणित इतकं सोपं, की तिथेच गाफील राहायला होतं. तीन किंवा जास्त आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचं वय २४ महिन्यांपर्यंत दुरुस्त करूनच प्रश्नावली निवडायची. सहा आठवडे आधी जन्मलेलं, आज नऊ महिन्यांचं बाळ साडेसात महिन्यांचं धरायचं आणि ८ महिन्यांची प्रश्नावली द्यायची. नाहीतर गुण विनाकारण घसरतात. सुटलेल्या प्रश्नाला शून्य देणं ही दुसरी हमखास चूक. पाच उत्तरांचे ४० झाले तर सरासरी ८, सहाव्यालाही ८, क्षेत्राचे ४८. तीन प्रश्न सुटले तर त्या क्षेत्राचे गुण काढूच नयेत.

शेवटच्या सर्वसाधारण प्रश्नांना गुण नाहीत, म्हणून नवखे ते चाळून सोडतात. पण पालकांची खरी काळजी तिथेच लिहिलेली असते, आणि पाचही क्षेत्रांत गुण चांगले असले तरी तिचा पाठपुरावा व्हायलाच हवा.

गटातल्या वैविध्याचा उपयोग प्रश्न वाचताना होतो. चिमटीत उचलायला ‘चीरिओ’ (नाश्त्याच्या धान्याची छोटी कडी) सुचवलेला आहे. तो ज्या घरात नसतो तिथे दुसरा तेवढाच बारीक, खाण्याजोगा कण चालतो, कारण बघायची आहे ती चिमूट. असा बदल कुठे चालेल आणि कुठे प्रश्नाचा हेतूच बदलेल, हे त्या समाजातला माणूस चटकन सांगतो. त्याला नुसतं दुभाषा म्हणून बसवणं म्हणजे प्रशिक्षण वाया घालवणं.

उणीव एकच, पण मोठी. गुण कटऑफखाली, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान मर्यादेखाली, आले की पालकांशी कसं बोलायचं, याचा सराव गुण काढून होत नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे वाक्य पालकांसमोर शांतपणे म्हणता येईपर्यंत जोड्या करून संवादाचा सराव घ्यावा लागतो. खरेदी करताना परवाना वाचा: मूळ प्रतींच्या झेरॉक्स काढता येतात, मात्र एक संच एकाच केंद्रापुरता असतो.