५ व्होल्टच्या स्टिकरखाली निघाले ६ व्होल्ट

यंदा गणपतीच्या मखराला रंग बदलणारी एलईडी पट्टी लावायची असं ठरवलं होतं. अडीच मीटर पट्टी, मीटरला ६० दिवे, म्हणजे एकूण १५०. या डब्ल्यूएस२८१२बी प्रकारातला एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलीअँपिअर ओढतो. हिशेब ९ अँपिअरचा झाला, म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून '५ व्होल्ट, १० अँपिअर' छापलेला अडॅप्टर ४५० रुपयांना आणला. बिल मागितलं तर "ताई, बिल केलं की जीएसटी लागेल," म्हणत त्याने चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. मी ती चिठ्ठी घेतली, ही माझी चूक.

जोडणी करून पाच मिनिटं झाली नाहीत तोच दिव्यांचे रंग बदलणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डाच्या चिपवर बोट ठेववेना. दोन रात्री मी स्वतःचीच चूक शोधत बसले. पट्टीचा करंट बोर्डातून जातोय की काय म्हणून तिला थेट अडॅप्टरवरून वेगळ्या तारा दिल्या. शॉर्ट सापडतो का बघायला बाकीच्या पिना मोकळ्या केल्या. चिप तापतच राहिली. पण दिवे पेटलेले असताना ती कमी तापायची आणि विझवले की जास्त! जास्त करंट ओढला जातो तेव्हा कमी ताप, हे काही केल्या पटेना.

मग व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर थेट अडॅप्टरला लावला. दिवे बंद असताना ६.६ व्होल्ट. सगळे पांढरे पेटवले तर ३.८, आणि पट्टीचं शेवटचं टोक तांबूस. नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला दिलेला सप्लाय बोर्डावरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागाला) वळसा घालून सरळ चिपला मिळतो. तिथली एटीमेगा३२८पी चिप ५.५ व्होल्टपर्यंतच चालवायची असते आणि ६ च्या वर गेलं की ती कायमची बिघडू शकते. दिवे विझवले की तिला ६.६ मिळत होते, म्हणून ती तेव्हाच जास्त तापायची.

अडॅप्टरवरचं स्टिकर जरा जाड वाटलं, म्हणून नखाने कोपरा उचलला. खाली दुसरं लेबल होतं: ६ व्होल्ट, २ अँपिअर.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही उलटसुलट जोडलं असेल. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." दोन्ही लेबलं समोर धरली तरी "आमच्याकडचा माल कशावरून?" हेच. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना तारीख. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तर तिथेही आधी बिलच विचारलं.

पैसे गेले, बोर्ड गेला. पण त्याहून जिव्हारी लागतं ते वेगळंच. २ अँपिअरच्या अडॅप्टरवर ९ चा भार टाकून तो पुठ्ठा-कापडाच्या मखरामागे पाच दिवस चालू राहिला असता, आणि समोर आमची आई आरतीला बसली असती.

म्हणून कळकळीने सांगते, अडॅप्टर घेताना मल्टिमीटर सोबत न्या आणि दुकानातच प्लग लावायला सांगा. भार नसताना ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा दिसला तर परत करा. स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. लेबलवरचा आर-नंबर, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का बघा. पक्कं बिल मिळत नसेल तर वस्तू तिथेच ठेवून या.

काल त्याच दुकानावरून गेले. काउंटरवर तसल्याच खोक्यांची नवी चळत होती, आणि आता तर दिवाळीची गर्दी सुरू होईल.