लालबागच्या पाकिटांवर आठ महिने: टिरो आणि मुक्ता

लालबागच्या मसाला गल्लीतल्या एका दुकानाच्या पाकिटांचं काम आठ महिन्यांपूर्वी हातात आलं. नऊ मसाले, प्रत्येकाची दोन मापं. दुकानाच्या नावात 'लालबाग' आहे, म्हणजे दोन ल थेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. पहिल्या नमुन्यात ते हिंदी वळणाचे आले होते. माझ्या नजरेतून सुटलं, पण मालकीणबाईंनी लगेच बोट ठेवलं. "हा ल आमच्या शाळेतला नाही."

मग नावासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला. टिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत. मराठीवाल्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे मराठी शाळेतल्या वळणाचे, आपोआप येतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडत बसावं लागत नाही. त्यात 'गोडा मसाला' असा काही बसतो की दुसरी सजावट नकोशी वाटते. गोची एकच, यात बोल्ड नाही. साधा आणि इटॅलिक, संपलं. मी शहाणपणा करून अक्षरांभोवती अर्ध्या पॉइंटची रेघ चढवली. छापून आलं तेव्हा 'शुद्ध'मधल्या द्धचं पोट बुजून काळा ठिपका झाला होता. पाचशे पाकिटं वाया, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

बाकी सगळ्या मजकुराला मुक्ता हा फॉन्ट. मुंबईतल्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, मोफत, धंद्यासाठी वापरायलाही मोकळा, आणि जाडीचे सात प्रकार. घटकांची यादी बारीक अक्षरांतही स्वच्छ वाचता येते. पुढे गुजराती गिऱ्हाइकांसाठी पाकिटं निघाली तेव्हा त्याचाच गुजराती भाऊ मुक्ता वाणी लावला, दोन्ही लिप्या एकाच घरच्या दिसल्या. तरी खरं सांगायचं तर मुक्ता गुणी मुलासारखा आहे. कामाला पक्का, पण चार दिवसांनी चेहरा आठवत नाही. म्हणून नाव त्यात नको.

काही त्रास फॉन्टचा नसतोच. 'तिखट खाणाऱ्यांसाठी' ही ओळ व्हॉट्सॲपवरून 'खाणार्यांसाठी' अशी आली आणि मी अर्धा तास फॉन्टला शिव्या घातल्या. नुक्त्याचा ऱ टाइप केला, रफार गेला. इलस्ट्रेटरमध्ये इंग्रजीच्या सवयीने ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा सढळ हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. प्रेसवाले 'कर्व्ह करून द्या' म्हणतात, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, मग मजकूर टाइप करून बदलता येत नाही; तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा. मी एकदा नाही जपली आणि फक्त एमआरपी बदलायला अख्खं पाकीट पुन्हा बसवलं.

दुकानाच्या पाटीला टिरो नाजूक पडत होता. शेवटी पेंटरकाकांना मोठी प्रिंट दिली. त्यांनी उभ्या रेघा ब्रशने जाड केल्या आणि ल-च्या पाकळ्या होत्या तशाच मोकळ्या ठेवल्या.