हस्तकलेच्या जुन्या अंकांचं टेबल : मांडणी उत्तम, भाव मात्र चुकले

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत जुन्या वस्तूंचा सेल भरला होता. त्यात विणकाम, भरतकाम, शिवणकाम आणि रांगोळीच्या मासिकांच्या जुन्या अंकांसाठी वेगळं टेबल मांडलं होतं, याचं मनापासून कौतुक. एरवी घर आवरताना हे अंक सरळ रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. टेबल सावलीत होतं, अंक विषयवार लावलेले होते, चाळून बघायला कुणाची आडकाठी नव्हती.

घोळ भावात झाला. कुठलाही अंक उचला, 30 रुपये. हिशेबाला हे सोपं पडतं, पण जाणकार गिऱ्हाईक पहिल्या अर्ध्या तासात चांगला माल वेचून नेतं आणि उरलेल्या फाटक्या अंकांना तेवढे पैसे कुणी देत नाही. दुपारपर्यंत टेबलावर नेमका तोच गाळ उरला होता. हस्तकलेच्या अंकाची किंमत त्याच्या वयावर किंवा छापील किमतीवर ठरत नाही. आतला नमुना पूर्ण आहे का आणि त्यावरून आज वस्तू बनवता येते का, एवढंच बघायचं.

शिवणकामाच्या अंकांत हा फरक सगळ्यात मोठा पडतो. ‘बुर्दा’सारख्या अंकात कपड्यांचे कटिंग नमुने एका मोठ्या घडीच्या कागदावर एकमेकांवरून छापलेले असतात. प्रत्येक नमुन्याची रेघ वेगळी असते आणि त्यात शिलाईची माया धरलेली नसते. रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, माया स्वतः सोडायची, असा त्याचा वापर. पुष्कळदा आधीच्या मालकिणीने मूळ कागदच कापलेला असतो. मग एक ब्लाउज निघतो आणि त्याच्या आड आलेले बाकीचे सगळे नमुने निकामी होतात. म्हणून भाव लावण्याआधी हा कागद जमिनीवर पूर्ण उलगडून बघायलाच हवा. अखंड असेल तर अंकाला 120 ते 150 रुपये मागायला हरकत नाही, कापलेला किंवा हरवलेला असेल तर 20 पुरेत. या टेबलावर दोन्ही प्रकार एकाच गठ्ठ्यात होते आणि नमुन्याचे काही कागद दुसऱ्याच अंकात खोचलेले होते. कागद त्याच्या अंकासोबत पारदर्शक पिशवीत घालून ठेवला की हा गोंधळ होत नाही.

विणकामाच्या अंकात 10 सेंटिमीटरला किती टाके आणि किती ओळी हे दिलंय का, ते आधी शोधा. जुनी लोकर आता बाजारात मिळत नसली, तरी हा आकडा असला की दुसऱ्या लोकरीवर माप बसवता येतं. तो नसलेला अंक निम्म्या भावाने द्यावा. सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात : 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. नंबर वाढला की सुई बारीक होते. एवढी चिठ्ठी गठ्ठ्यावर लावली तरी नव्याने शिकणाऱ्या मुली अंक परत ठेवणार नाहीत. परदेशी क्रोशाच्या अंकावर तो ब्रिटिश की अमेरिकी हेही लिहावं, कारण ब्रिटिशांचा डबल क्रोशे तो अमेरिकी सिंगल. भरतकामात अँकर किंवा डीएमसी या दोऱ्यांच्या ब्रँडचे रंगनंबर छापलेले असतील तर दहा रुपये जास्त लावा. बहुतेक छटा आजही नंबर सांगून मागता येतात. आलेखावर पेन्सिलच्या खुणा असल्या तर चालतं, शाईच्या असल्या तर भाव उतरतो.

नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या अंकांचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न. गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाई उखडते. असा अंक विकायलाच ठेवू नये, कुबट वासाचाही नको, कारण त्याच्यामुळे शेजारचा गठ्ठाही वास धरतो. नुसता दमट असेल तर सावलीत पंख्याखाली पानं उघडून वाळवावा. उन्हात कव्हर वाकतं आणि रंग उडतो. गंजलेली पिन काढून मधल्या घडीत दोऱ्याचे तीन टाके घातले की अंक पुन्हा धरतो.

किमतीचे स्टिकर या टेबलावर थेट कव्हरवर होते आणि काढताना चित्र सोलून येत होतं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा लिहिणं केव्हाही बरं.

मुहूर्ताचा फायदा मात्र पूर्ण हुकला. दिवाळी तोंडावर असताना ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं तळाशी दडली होती. ती समोर ठेवून चाराचा संच 50 रुपयांना लावला असता तर सकाळीच संपली असती. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, म्हणून रुखवताचे अंक त्यांच्या शेजारी हवे होते. नाशिकची थंडी जवळ आलेली, तेव्हा बाळाच्या स्वेटर-टोपीचे अंकही वर. हलव्याच्या दागिन्यांचे अंक मात्र राखून ठेवावेत, संक्रांतीच्या आधी त्यांना दुप्पट भाव येतो.

मांडणीला 5 पैकी 4, भावाला 2. घेणाऱ्यांनी सेल उघडतानाच जावं आणि शिवणकामाच्या गठ्ठ्यापासून सुरुवात करावी. आयोजकांनी चार वाजल्यानंतर उरलेले अंक ‘पन्नासला पाच’ करून काढावेत. त्यातूनही जे राहतील ते रद्दीत घालण्याआधी जवळच्या शिवणक्लासला किंवा बालवाडीला विचारावं. गुळगुळीत कागदाला रद्दीवाला वर्तमानपत्राइतकाही भाव देत नाही, आणि कातरकामाला मुलांना हीच रंगीत पानं लागतात.